वीस ग्रॅम चॉकलेट आणि सहा पेसोंचं जेवण : आर्जेन्टिनाच्या महागाई निर्देशांकाचं प्रकरण

जॉर्ज ऑर्वेलच्या '१९८४' या कादंबरीत चॉकलेटच्या रेशनचा प्रसंग आहे. माणशी आठवड्याला तीस ग्रॅम मिळणारं चॉकलेट कमी करून वीस ग्रॅम होणार, अशी घोषणा होते. दुसऱ्या दिवशी बातमी येते की रेशन 'वाढवून' वीस ग्रॅम केल्याबद्दल लोकांनी मिरवणुका काढून आभार मानले. बहुतेक वाचकांना हा प्रसंग आठवतो आणि प्रचारयंत्रणा किती निर्लज्ज असते, या विचाराशी ते थांबतात.

अर्थव्यवहाराच्या दृष्टीने त्याच कादंबरीतला बुटांचा परिच्छेद जास्त मोलाचा आहे. एका तिमाहीत १४.५ कोटी जोड बूट तयार होतील असा सरकारी अंदाज असतो. प्रत्यक्ष उत्पादन ६.२ कोटी जोड असं कळवलं जातं. नोंदी दुरुस्त करणारा विन्स्टन स्मिथ जुना अंदाजच ५.७ कोटींवर आणून ठेवतो, म्हणजे उद्दिष्टापेक्षा जास्त काम झालं असं म्हणता येईल. मग त्याच्या मनात येतं की ६.२ कोटी हा आकडासुद्धा खऱ्याच्या जवळ असेल असं नाही. कदाचित एकही बूट तयार झालेला नसेल. किती झाले हे कोणाला ठाऊक नाही, आणि कोणाला त्याची फिकीरही नाही.

इथे खोटं भाषणात घडत नाही. ते एका टेबलावर, जुन्या कागदावर, एक नोकरदार माणूस घडवतो. अशी कादंबरी राजकारण आणि अर्थकारण समजून घेण्यासाठी वाचायची असेल, तर नेत्याच्या भिंतीवरच्या चित्राकडे बघण्याआधी या टेबलाकडे बघायला हवं. आकडा कोण लिहितं, कोणाच्या हुकमावरून लिहितं आणि तो पुढे कुठल्या करारात जाऊन बसतो, हे विचारायला हवं. हे तिन्ही प्रश्न आर्जेन्टिनात २००७ ते २०१५ या काळात जसे उघड्यावर आले, तसे अलीकडच्या इतिहासात क्वचितच आले असतील.

तराजू कर्जदाराच्या हातात

१९९१ पासून आर्जेन्टिनाने एक पेसो म्हणजे एक डॉलर असा दर कायद्याने बांधून ठेवला होता. डिसेंबर २००१ मध्ये ही व्यवस्था कोसळली. बँकेतून पैसे काढण्यावर मर्यादा आल्या, लोक थाळ्या वाजवत रस्त्यावर उतरले, आणि देशाने ९० अब्ज डॉलरहून जास्त कर्ज बुडीत जाहीर केलं. तोवरच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी सरकारी दिवाळखोरी होती. जानेवारी २००२ मध्ये पेसो डॉलरपासून सुटला.

२००५ साली सरकारने धनकोंना जुने रोखे देऊन नवे घ्यायला सांगितलं. सुमारे ७६ टक्के कर्जाच्या धनकोंनी ते मान्य केलं. पेसोवरचा विश्वास उडालेला असल्यामुळे नव्या कागदांत दोन आमिषं घातली होती. पेसोतल्या रोख्यांचं मुद्दल महागाईच्या प्रमाणात वाढत जाईल, हे पहिलं. त्यासाठी 'सेर' नावाचा गुणांक वापरला जाई आणि तो सरकारी ग्राहक किंमत निर्देशांकावरून निघे. दुसरं आमिष जीडीपीशी, म्हणजे देशाच्या एकूण वार्षिक उत्पादनाशी, जोडलेल्या हक्कपत्रांचं होतं. अर्थव्यवस्थेची वाढ ठरलेल्या दरापेक्षा (साधारण ३ टक्क्यांपेक्षा) जास्त झाली आणि जीडीपी ठरलेल्या पातळीच्या वर गेला, तर वरच्या फरकाचा ५ टक्के हिस्सा धनकोंना मिळणार होता. एकूण देण्याला दर डॉलरमागे ४८ सेंटची मर्यादा होती.

म्हणजे महागाई वाढली तर देणं वाढतं, आणि वाढीचा दर चढला तरी देणं वाढतं. हे दोन्ही आकडे काढत होती ब्युनोस आयर्समधली इंदेक ही सांख्यिकी संस्था, अर्थमंत्रालयाच्या हाताखाली. तराजू कर्जदाराच्याच हातात होता. इथून पुढे जे घडलं ते एकट्या माणसाच्या वाईटपणातून समजत नाही, या रचनेतून समजतं.

बुडीत जाहीर झाल्यानंतरची वर्षं वाढीची होती. राष्ट्राध्यक्ष नेस्तोर किर्शनर यांच्या सरकारने जानेवारी २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं उरलेलं सगळं कर्ज, सुमारे ९.५ अब्ज डॉलर, एकरकमी फेडलं. नाणेनिधीच्या तपासणीतून सुटका झाली म्हणून त्याचं स्वागतही झालं. पण किमती चढत होत्या. २००५ ची अधिकृत महागाई १२.३ टक्के होती. मग सरकारने मोठ्या दुकानसाखळ्यांशी आणि उत्पादकांशी किंमत-करार केले. अंतर्गत व्यापार सचिव गिलेर्मो मोरेनो यांच्याकडे ते राबवण्याचं काम होतं. २००६ ची महागाई ९.८ टक्क्यांवर आली. तोपर्यंत ही निदान खऱ्या दुकानांतली लढाई होती.

निर्देशांक कसा बनतो आणि कुठे वाकतो

वृत्तपत्रातला एक आकडा तयार होण्याआधी बरंच हातकाम झालेलं असतं. किंमत-नोंदणारे कर्मचारी ठरलेल्या दुकानांत ठरलेल्या दिवशी जातात आणि ठरलेल्या वजनाच्या, ठरलेल्या प्रकारच्या वस्तूची किंमत लिहितात. एकाच वस्तूच्या अनेक दुकानांतल्या किमतींची सरासरी काढतात. मग प्रत्येक वस्तूला कुटुंबाच्या खर्चातल्या वाट्याप्रमाणे भार देतात. इंदेकच्या त्या वेळच्या निर्देशांकाचे भार १९९६-९७ च्या घरखर्च पाहणीतून आले होते, १९९९ हे आधारवर्ष होतं, आणि व्याप्ती फक्त ब्युनोस आयर्स महानगराची होती.

या साखळीत एक कडी सर्वांत नाजूक असते : किंमत कोणत्या दुकानात घेतली. १९६८ च्या १७६२२ क्रमांकाच्या कायद्याने ही यादी गुप्त ठेवायची होती आणि त्यामागे व्यवहारी कारण आहे. यादी सत्ताधाऱ्याच्या हातात पडली तर पाचपन्नास दुकानदारांना फोन करून देशाची महागाई खाली आणता येते. बाकी हजारो दुकानांत भाव तेच राहतात, फक्त मोजणी होते तिथे ते उतरतात.

व्यापार सचिवांच्या कार्यालयाने याच यादीची मागणी केली. निर्देशांक विभागाच्या प्रमुख ग्रासिएला बेवाक्वा यांनी ती देण्यास नकार दिला. जानेवारी २००७ च्या अखेरीस, त्या महिन्याचा आकडा जाहीर होण्याच्या तोंडावर, त्यांना पदावरून हटवलं आणि बाहेरून आणलेल्या व्यक्तीकडे विभाग सोपवला. जानेवारीची महागाई १.१ टक्के जाहीर झाली. खाजगी आरोग्य विमा आणि पर्यटन यांचे आकडे बदलले गेल्याची तक्रार आतल्या तंत्रज्ञांनीच केली. पुढे कर्मचाऱ्यांनी इमारतीला वेढा घालून, हातात हात धरून 'इंदेकला मिठी' मारण्याची निदर्शनं सुरू केली. त्यांत भाग घेणाऱ्या अनेकांच्या बदल्या झाल्या, काहींच्या नोकऱ्या गेल्या. विन्स्टन स्मिथच्या खात्यात असं दृश्य कल्पनेतही बसत नाही. या प्रकरणातलं सर्वांत उजळ पान या कारकुनांनी आणि संख्याशास्त्रज्ञांनीच लिहिलं आहे.

आकडा वाकवण्याचे मार्ग तसे साधे होते. फळीवरच्या किमतीऐवजी सरकारी करारातली किंमत लिहायची. एखादी वस्तू फार महागली तर लोक ती घेत नाहीत असं गृहीत धरून तिला मोजणीतून वगळायचं. २००८ मध्ये नवा निर्देशांक आला तेव्हा मोजणीच्या टोपलीतल्या वस्तूप्रकारांची संख्या ८१८ वरून सुमारे ४४० वर आली आणि मोजणीची पद्धत पडताळता येईल इतक्या तपशिलात प्रसिद्धच झाली नाही. यातला प्रत्येक बदल सुटा घेतला तर त्याला तांत्रिक समर्थन देता येतं. लोक खरंच महाग वस्तू सोडून स्वस्त घेतात, आणि जुन्या टोपल्या खरंच बदलाव्या लागतात. ओळखायची खूण एकच : प्रत्येक बदलाने आकडा खालीच जातो.

महिन्याचा फरक छोटा दिसतो म्हणून तो खपून जातो. दरमहा ०.८ टक्के महागाई दाखवली तर वर्षाला १० टक्के होते. खरी महागाई दरमहा १.९ टक्के असेल तर वर्षाला २५ टक्के. महिन्याकाठी जेमतेम एका टक्क्याचा घोळ. पण १०० पेसोंच्या महागाई-संलग्न रोख्याचं मुद्दल तीन वर्षांनी दहा टक्क्यांच्या हिशेबात १३३ पेसो होतं आणि पंचवीसच्या हिशेबात १९५. मधले ६२ पेसो करारातलं एक अक्षरही न बदलता, कोणतीही घोषणा न करता, एका माणसाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात गेले.

आणि तो पहिला माणूस कोण? मनात चित्र येतं न्यूयॉर्कच्या गुंतवणूकदाराचं. हे रोखे आर्जेन्टिनातल्या खाजगी निवृत्तिवेतन निधींकडेही मोठ्या प्रमाणात होते. म्हणजे कामगारांच्या पगारातून कापून साठवलेल्या पैशाचं मोल त्यांच्याच सरकारने घटवलं. २००८ च्या अखेरीस हे निधी सरकारने ताब्यात घेतले.

ज्यावर कोणाचा विश्वास नव्हता तो आकडा

अधिकृत वार्षिक महागाई अशी राहिली : २००७ मध्ये ८.५ टक्के, २००८ मध्ये ७.२, २००९ मध्ये ७.७, २०१० मध्ये १०.९, २०११ मध्ये ९.५, २०१२ मध्ये १०.८. खाजगी अंदाज यातल्या बऱ्याच वर्षांत वीस ते पंचवीस टक्क्यांच्या घरात होते.

हातच्या काकणाला आरसा कशाला? दुकानात जाणाऱ्या प्रत्येकाला फरक दिसत होता. कामगार महासंघाचे नेते उगो मोयानो वेतनवाटाघाटीत उघड सांगत की आम्ही सुपरमार्केटची महागाई धरतो. वर्षाला वीस-पंचवीस टक्के पगारवाढीचे करार होत आणि सरकारचं कामगार खातं त्यांवर शिक्कामोर्तब करी. एक खातं महागाई दहा टक्के म्हणे, दुसरं तिच्या दुपटीच्या पगारवाढीला मान्यता देई.

इथे कादंबरीचा आणि प्रत्यक्षाचा रस्ता वेगळा होतो. ऑर्वेलच्या जगात खोटं टिकायला लोकांनी ते गिळावं लागतं, म्हणून विचारांवर पहारा ठेवणारे पोलीस लागतात. आर्जेन्टिनात इंदेकच्या आकड्यावर विश्वास ठेवणारा माणूस शोधून सापडला नसता, तरी तो आकडा नऊ वर्षं काम करत राहिला. कारण करारात लिहिलं होतं : 'इंदेक जाहीर करेल तो निर्देशांक'. न्यायालयात, बँकेत, कोषागारात तोच चाले. आजच्या अर्थव्यवस्थेत खोट्या आकड्याला श्रद्धेची गरज नसते, तो करारात नावाने लिहिलेला असला की पुरतं. भयस्वप्नांच्या कादंबऱ्या वाचताना 'लोक हे कसं मान्य करतात?' या प्रश्नावर आपण अडतो, आणि हीच गोष्ट नजरेतून सुटते.

दुसरी मोजणी

सरकारी मोजणीला पर्याय उभा करणं म्हणजे नुसतं 'आम्हाला जास्त वाटते' म्हणणं नव्हे. आर्जेन्टिनात तो तीन दिशांनी उभा राहिला.

पहिली दिशा प्रांतांची. आर्जेन्टिना संघराज्य आहे आणि प्रांतांची स्वतःची सांख्यिकी कार्यालयं आहेत. सान लुईस, सांता फे यांसारख्या प्रांतांचे आकडे इंदेकच्या कितीतरी वर होते. एकाच देशात, एकाच चलनात, एकाच पुरवठादारांकडून माल घेणाऱ्या शहरांत महागाई अडीचपट वेगळी असू शकत नाही. या साध्या तर्कावर अर्थतज्ज्ञांनी प्रांतांची सरासरी वापरायला सुरुवात केली.

दुसरी दिशा संगणकाची होती. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये आल्बेर्तो कावायो या अर्थशास्त्रज्ञाने आर्जेन्टिनातल्या मोठ्या सुपरमार्केटच्या संकेतस्थळावरून रोज किमती उतरवून घेणारा प्रोग्राम चालवला. प्रत्येक वस्तूला दुकानाने दिलेला ओळखक्रमांक असतो, त्यामुळे तेच पाकीट रोज मागोवा घेऊन मोजता येतं. वर्गवारीचे भार त्याने अधिकृतच ठेवले, म्हणजे 'तुमचे भारच वेगळे' हा आक्षेप उरत नाही. ऑक्टोबर २००७ ते मार्च २०११ या काळात ऑनलाइन किमतींवरून वार्षिक महागाई सरासरी २० टक्क्यांच्या आसपास निघाली, अधिकृत आकडा ८ च्या आसपास होता. या कामाचा खरा कणा पुढे आहे. त्याने हीच पद्धत ब्राझील, चिली, कोलंबिया आणि व्हेनेझुएलाला लावून पाहिली आणि तिथे ऑनलाइन आकडा अधिकृत आकड्याच्या जवळच राहिला. मोजपट्टी चारही ठिकाणी बरोबर मापते म्हटल्यावर पाचव्या ठिकाणचा दोष मोजपट्टीवर ढकलता येत नाही.

तिसरी दिशा खाजगी सल्लागार संस्थांची. २०११ मध्ये व्यापार सचिवालयाने ग्राहकांची दिशाभूल रोखणाऱ्या व्यापारविषयक कायद्याखाली या संस्थांना प्रत्येकी ५ लाख पेसोंपर्यंत दंड ठोठावला. महागाई मोजणं हाच गुन्हा ठरला. त्यावर विरोधी खासदारांनी तोडगा काढला : संस्थांनी आपले अंदाज गुपचूप संसदेत द्यायचे, खासदारांनी त्यांची सरासरी 'काँग्रेस निर्देशांक' म्हणून दरमहा जाहीर करायची. खासदाराला बोलण्याचं संरक्षण असतं, त्याला दंड लागत नाही. २०१२ साठी हा निर्देशांक २५.६ टक्के होता. फेब्रुवारी २०१२ मध्ये 'द इकॉनॉमिस्ट' साप्ताहिकाने इंदेकचे महागाईचे आकडे छापणं थांबवलं आणि ऑनलाइन किमतींवर आधारलेला आकडा घेतला. देशोदेशीच्या बिग मॅक बर्गरच्या किमतींवरून चलनांचं मोल ताडणाऱ्या, त्याच साप्ताहिकाच्या प्रसिद्ध बर्गर-निर्देशांकामुळे आणखी एक विचित्र गोष्ट समोर आली होती : आर्जेन्टिनात बिग मॅक मेनूतल्या इतर बर्गरच्या मानाने संशयास्पद स्वस्त होता. जगाने एकाच खिडकीतून बघायचं ठरवलं की सगळी रंगरंगोटी त्या खिडकीपुरती होते.

सहा पेसो

महागाईचा आकडा एकटा राहत नाही. गरिबीची रेषा अन्नाच्या किमतीवर काढतात, त्यामुळे किमती खाली दाखवल्या की रेषा खाली येते आणि तिच्याखालची माणसं कागदावर कमी होतात.

२०१२ मध्ये इंदेकच्या हिशेबाने चौघांच्या कुटुंबाला महिनाभराच्या मूलभूत अन्नासाठी सुमारे ६८८ पेसो पुरत होते. चारने भागा, तीस दिवसांनी भागा : माणशी रोज ५ पेसो ७३ सेंतावो. हे 'सहा पेसो' देशभर गाजले. त्याच वर्षी जानेवारीत ब्युनोस आयर्सच्या भुयारी रेल्वेचं तिकीट १.१० वरून २.५० पेसो झालं होतं. कामावर जाऊन घरी परत यायलाच ५ पेसो लागत. जवळपास तेवढ्याच पैशांत दिवसभराचं खाणं बसतं, असं त्या कागदाचं म्हणणं होतं.

चॉकलेटचे वीस ग्रॅम आणि हे सहा पेसो यांच्यात फार अंतर नाही. सहा पेसोंचा परिणाम मात्र अधिक खोल गेला. २०१३ च्या पहिल्या सहामाहीत अधिकृत गरिबी ४.७ टक्के होती, तर आर्जेन्टिनाच्या कॅथलिक विद्यापीठाचे अंदाज तिच्या कितीतरी पट होते. त्यानंतर इंदेकने गरिबीचा आकडा प्रसिद्ध करणंच बंद केलं. जून २०१५ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्रिस्तिना फर्नांडेझ दे किर्शनर यांनी रोममध्ये अन्न व कृषी संघटनेच्या व्यासपीठावर देशातली गरिबी ५ टक्क्यांहून कमी असल्याचं सांगितलं. जो गरीब मोजलाच जात नाही त्याच्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद मागायची तरी कशाच्या आधारावर? आम्हाला या सगळ्या प्रकरणात रोख्यांच्या नुकसानीपेक्षा हे जास्त लागतं.

खोट्याची दुसरी टोकं

आता २००५ चं दुसरं आमिष आठवा. वाढीचा दर काढताना चालू किमतींतल्या उत्पादनातून महागाई वजा करतात. महागाई कमी धरली की तेवढंच उत्पादन 'खरी वाढ' म्हणून फुगून दिसतं, आणि वाढ फुगली की जीडीपी-हक्कपत्रांवर पैसे द्यावे लागतात. म्हणजे महागाई-संलग्न रोख्यांवर जे वाचवलं त्यातलं काही दुसऱ्या दाराने बाहेर गेलं. या हक्कपत्रांवर आर्जेन्टिनाने पुढच्या वर्षांत अब्जावधी डॉलर मोजले. एका आकड्याला हात लावला की तो ज्या ज्या सूत्रात बसला आहे ती सगळी सूत्रं हलतात. कादंबरीतलं सत्य मंत्रालय, म्हणजे विन्स्टनचं खातं, जुनी वृत्तपत्रं पुन्हा छापू शकतं, पण परदेशी कायद्याखाली केलेला करार पुन्हा छापता येत नाही.

मार्च २०१४ मध्ये सरकारने जीडीपीचं आधारवर्ष बदलून २००४ केलं. २०१३ ची वाढ आधीच्या मालिकेप्रमाणे ४.९ टक्क्यांच्या आसपास दिसत होती, नव्या मोजणीत ती ३.० टक्के निघाली. हक्कपत्रांसाठीची त्या वर्षाची पायरी ३.२२ टक्के होती. पैसे द्यावे लागले नाहीत. युरोतल्या हक्कपत्रांचे धारक लंडनच्या न्यायालयात गेले. आधारवर्ष बदलल्यावर करारातलं सूत्र कसं जुळवून घ्यायचं, हा वादाचा मुद्दा होता. २०२३ मध्ये न्यायालयाने आर्जेन्टिनाच्या विरोधात निकाल देऊन १.३३ अब्ज युरो अधिक व्याज देण्यास सांगितलं.

नाणेनिधीचं काय? कर्ज फेडलेलं असल्यामुळे त्याच्या हातात हप्ता रोखण्याचं हत्यार नव्हतं. सभासद देशाने खरी माहिती द्यावी, या सनदेतल्या कलमावर बोट ठेवून त्याने मुदती दिल्या आणि १ फेब्रुवारी २०१३ रोजी निषेधाचा ठराव केला. चुकीच्या आकडेवारीसाठी सभासद देशावर असा ठराव पहिल्यांदाच झाला. जानेवारी २०१४ पासून आर्जेन्टिनाने नवा राष्ट्रीय निर्देशांक सुरू केला आणि पहिल्याच महिन्याचा आकडा ३.७ टक्के आला. काही महिने सरकारी आणि खाजगी आकडे जवळ राहिले. मग पुन्हा फट पडली : २०१४ ची अधिकृत महागाई २३.९ टक्के, काँग्रेस निर्देशांक ३८.५.

या देशाबद्दल वाचताना ते दूरचं वाटू नये. १९६३ साली मुंबईत गिरणी कामगारांचा महागाई भत्ता ज्या निर्देशांकावर ठरे, तो खऱ्या भावांच्या मागे राहतो म्हणून कामगार संघटनांनी आवाज उठवला. महाराष्ट्र सरकारने अर्थतज्ज्ञ डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि समितीने निर्देशांकात दुरुस्ती सुचवली. परळ-लालबागच्या चाळीतल्या बाईला डाळीचा भाव समितीआधी ठाऊक होता, पण भत्ता तिच्या भावावर मिळत नव्हता. मुंबईचा वाद आणि ब्युनोस आयर्सचा वाद यांत हेतूचा मोठा फरक असेल, तरी दुखणं त्याच जागी आहे : पगाराच्या सूत्रात बसलेला आकडा आणि तो तपासण्याचा अधिकार कोणाचा.

अशा कादंबऱ्या वर्गात किंवा वाचकगटात घेणाऱ्यांनी एक प्रयोग करून पाहावा. पंधरा-वीस वस्तू निवडा, पण ब्रँड, वजन आणि दुकान लिहून पक्कं करा. दर महिन्याच्या एकाच तारखेला किंमत नोंदवा. सवलतीची किंमत आणि छापील किंमत वेगळ्या रकान्यात ठेवा. पाकीट १०० ग्रॅमवरून ९० ग्रॅमवर आलं आणि किंमत तीच राहिली, तर ती ११ टक्के वाढ आहे, हे गटातल्या निम्म्या लोकांच्या ध्यानात येत नाही. वस्तू दुकानातून गायब झाली तर तिच्या जागी काय घ्यायचं, हे आधीच ठरवा. आयत्या वेळी ठरवलं की माणूस नकळत आपल्याला हवं ते उत्तर देणारी वस्तू उचलतो. तीन-चार महिन्यांत कळतं की प्रामाणिक निर्देशांकसुद्धा किती निर्णयांवर उभा असतो. मग बुटांचा परिच्छेद पुन्हा वाचा.

दुरुस्ती

डिसेंबर २०१५ मध्ये मौरिसियो माक्री सत्तेवर आले. ज्यांच्या सल्लागार संस्थेला दंड झाला होता ते होर्खे तोदेस्का इंदेकचे प्रमुख झाले आणि ग्रासिएला बेवाक्वा तांत्रिक संचालक म्हणून परतल्या. जानेवारी २०१६ मध्ये 'सांख्यिकी आणीबाणी' जाहीर करून महागाईचा आकडा काही महिने थांबवला. त्या काळासाठी सान लुईस प्रांताचा किंवा ब्युनोस आयर्स शहराचा निर्देशांक वापरावा असं इंदेकनेच सांगितलं. किती दिवस थांबायचं यावरून मतभेद झाले आणि फेब्रुवारीतच बेवाक्वा पुन्हा बाहेर पडल्या. सरकारला आकडा लवकर हवा होता, त्यांना पाया नीट बांधायचा होता. नव्या सरकारलाही घाई असते, हे नोंदवून ठेवण्यासारखं आहे.

जून २०१६ मध्ये नवा निर्देशांक आला आणि मे महिन्याची महागाई ४.२ टक्के निघाली. सप्टेंबरमध्ये गरिबीचा आकडा जाहीर झाला : ३२.२ टक्के. ९ नोव्हेंबर २०१६ रोजी नाणेनिधीने निषेध मागे घेतला. निर्देशांकातल्या हस्तक्षेपाबद्दल मोरेनो यांना २०२४ मध्ये न्यायालयाने दोषी धरून ३ वर्षांची स्थगित कैद आणि सार्वजनिक पदांवर बंदी सुनावली.

कादंबरीत जुने कागद भिंतीतल्या एका भोकात टाकून जाळले जातात. इंदेकमध्ये झालेलं नुकसान त्याहून भरून न येणारं आहे. २००९ च्या जुलैत एखाद्या दुकानात दुधाच्या पिशवीची खरी किंमत काय होती, हे तेव्हा लिहिलं गेलं नसेल तर आज कोणत्याही आणीबाणीने लिहिता येत नाही. जानेवारी २००७ ते डिसेंबर २०१५ ची मालिका जपून वापरावी, असा इशारा इंदेक स्वतःच देते. आर्जेन्टिनाच्या महागाईवर काम करणारा अभ्यासक आजही तीन तुकडे जोडतो : २००६ च्या अखेरपर्यंत इंदेक, मधल्या नऊ-साडेनऊ वर्षांसाठी प्रांतांचे किंवा ऑनलाइन किमतींचे आकडे, आणि २०१६ च्या मध्यापासून पुन्हा इंदेक. जोडाच्या दोन्ही ठिकाणी कोणता प्रांत घेतला, कोणते भार लावले, हे त्याला तळटीपेत लिहावं लागतं, आणि प्रांत बदलला की उत्तर थोडं बदलतं.